शेपटीचं घर

"मॅडम, खटल्याचं मी नंतर बघेन. आधी मला एवढंच शोधून द्या, त्या आजोबांना मी मारलं का?"

संघप्रिया गमरे हे खुर्चीत बसायच्या आधीच बोलून गेली. कामोठ्यात एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या खोलीत क्रांती तांबेचं ऑफिस होतं. खालून फोडणीचा वास येत होता. एरवी त्या वासाने खुलणारा जोतीराम आज त्या मुलीचे सुजलेले डोळे बघून भूक विसरला.

क्रांतीने विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, मग हा स्वतःचा व्यवसाय थाटला. जोतीराम साताऱ्याकडचा, पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. माणूस लाखमोलाचा, पण डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागायचा. ते तो स्वतःच सांगत असल्यामुळे कोणी त्याला हसत नसे.

"पहिल्यापासून सांगा," क्रांती म्हणाली. "आणि मला विजेतलं ओ की ठो कळत नाही असं धरून सांगा."

संघप्रिया वीज कंपनीत इंजिनियर होती. तळवली गावाकडे जाणाऱ्या लाइनवर एक नवी योजना चालू होती आणि ती तिच्याकडे होती.

"लाइन लांब असली की व्होल्टेज वाटेत कमी होत जातं," ती सांगू लागली. "शेवटच्या घराला पुरावं म्हणून सुरुवातीला जास्त सोडतात. मग अलीकडच्या घरांत वीज उगाच जास्त जळते. आम्ही शेवटच्या घरावर एक मीटर बसवलं. त्या घराला पुरतंय ना, एवढं बघायचं आणि अख्ख्या लाइनचं व्होल्टेज थोडं उतरवायचं. शेवटचं घर फार खाली जायला लागलं, की सबस्टेशनमधली यंत्रणा आपोआप एक टप्पा वर चढते. कोणाला पत्ताही लागत नाही आणि वीज वाचते. त्याच योजनेत गावात जुने बल्ब काढून एलईडी दिले, पंखेही नवे दिले. व्होल्टेज हललं तरी ते तसेच चालतात."

"आणि शेवटचं घर कोणाचं?"

"देवजी म्हात्रेंचं. ऑफिसात आम्ही त्याला शेपटीचं घर म्हणायचो."

गेल्या रविवारी देवजींच्या नातीचं, ईश्वरीचं लग्न झालं. घरासमोर मांडव, गोरज मुहूर्त. देवजींची फुप्फुसं निकामी झालेली, ते मागच्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनवर असत. वरात निघाल्यावर घरात रडारड उठली. घरच्यांचं म्हणणं असं, की अक्षता पडायच्या वेळेला व्होल्टेज पडलं, मशीन बंद पडलं आणि म्हातारा गुदमरून गेला. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीनच ते, सिलिंडर नव्हे. वीज नाही तर श्वास नाही. रात्रीच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, वीज कंपनीच्या काचा फुटल्या, संघप्रियाला घरी बसवलं गेलं आणि योजना गुंडाळली गेली.

"निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवलाय. सोमवारी अटक करतील."

"तुमचं मीटर काय म्हणतं?"

"रविवारी दिवसभर व्होल्टेज व्यवस्थित होतं. पण ऐकतो कोण? मीटर तुमचं, आकडे तुमचे, असं म्हणतात. आता तर मलाच वाटतं, मीटरच चुकलं असेल तर? आई दाराबाहेर पडत नाही, मॅडम. मी जेवायला बसले की मला ते आजोबा दिसतात. मला चहा द्यायचे ते."

तिला रडू फुटलं. जोतीरामने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"त्या घरी काही विचित्र दिसलं होतं का? आधी कधी?" क्रांतीने विचारलं.

"एक होतं. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी तिथलं व्होल्टेज एकदम घसरायचं. यंत्रणा सावरून घ्यायची, पण कारण सापडत नव्हतं. बाकीचे वार स्वच्छ. श्रावणात तर जवळजवळ नाहीच. मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ईश्वरीचं लगीन होऊ दे, दुसरे दिवशी ये, मी दाखवतो."

"मंगळ, गुरु, शनि," जोतीरामने बोटांवर मोजले. "आवं, हे तर सगळे देवाचे वार! गावात देऊळ असणार. भंडारा, लायटिंग..."

"मग श्रावणात का नाही, जोतीरामभाऊ? श्रावणात देवळं बंद ठेवतात?"

जोतीरामने मिशीवरून हात फिरवला आणि विचार सोडून दिला.

* * *

त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, दोघं तळवलीला पोचली. म्हात्र्यांची इमारत चार मजली, वर भाडेकरू, खाली घरचे. मांडव अजून उभा होता. सुतकातल्या घराचा मांडव सोडायला कोणी पुढे आलेलं नव्हतं. कापडाच्या झालरी वाऱ्यावर हलत होत्या आणि त्याखालून जाताना जोतीरामने नकळत चप्पल काढून हातात घेतली.

देवजींचा मुलगा धनेश दारातच आडवा आला.

"कंपनीनी पाठवलंय ना तुमाला?"

"त्या मुलीने पाठवलंय," क्रांतीने सरळ सांगितलं. "देवजींना कोणी मारलं ते शोधायला आलेय."

"कंपनीनी मारला. आजून काय शोधायचा?"

"मग मला आत सोडायला तुम्हाला भीती कसली?"

धनेश बाजूला झाला. त्याच्या डोळ्यांत राग होता तो खरा होता. क्रांतीने ते बघून ठेवलं.

देवजी गेल्यापासून मागची खोली तशीच ठेवलेली होती. जमिनीवर पिठाचा थर, त्यावर पणती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, त्याची नळी खाटेच्या दांडीला गुंडाळलेली. क्रांती भिंतीच्या कडेकडेने मशीनपाशी गेली. भिंतीवरचा स्विच चालू होता. मशीनचं स्वतःचं बटण मात्र बंद होतं. नळीआधीच्या पाण्याच्या बाटलीत पाणी वरच्या रेषेला टेकलेलं होतं. छतावर योजनेचा पांढरा बल्ब आणि नवा पंखा. भिंतीवर एसी, आणि खिडकीत पडलेल्या त्याच्या रिमोटवर सगळ्यात गार आकडा.

"बाटलीत पाणी कोण भरतं?"

"मीच," दारातून भाविका म्हणाली. ही धनेशची बायको, ईश्वरीची आई. तिचा चेहरा उतरला होता. "मामंजींचं जेवन झाला की भरते. नायतर नाकाला कोरड पडते. संध्याकाळपर्यंत आर्धा उतरतो."

"रविवारी?"

"तवापन दुपारी भरला."

"नंतर मशीनला कोणी हात लावला?"

"नाय ओ. कोन लावनार? दिवा लावायला येते मी, तेवढंच."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"सैपाकघरात, ह्या भिंतीच्या पल्याड. पावन्यांचं वाटन वाटत होते. मिक्सर नुसता भिंगरीसारखा चालू होता."

क्रांतीने मशीनचं बटण दाबलं. घुर्र... फुस, घुर्र... फुस, असा आवाज सुरू झाला. भाविकाने तोंडाला पदर लावला. मग क्रांतीने भिंतीवरचा स्विच बंद केला आणि तत्क्षणी कान किटवणारी शिट्टी वाजायला लागली. मशीनच्या बटणाने ती थांबली.

"वीज गेली किंवा व्होल्टेज पडलं की हे असं ओरडतं. त्या दिवशी कोणी ऐकलं?"

"डीजे होता समोर," धनेश म्हणाला. "त्याच्यात कोनाचा आवाज कोनाला ऐकू येनार?"

* * *

देवजींची धाकटी बहीण सगुणा शेजारच्या खोलीत देवघरापुढे बसली होती. ती गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी लावणारी आणि धवले, म्हणजे लग्नगीतं, गाणारी ही बाई नसली तर लग्न लागत नाही, तिचा मान भटजीसारखा. देवापुढे एक छोटा जुना बल्ब पिवळा जळत होता. छतावर दुसरा पांढरा.

"योजनेतून हा बदलला नाही वाटतं?" क्रांतीने विचारलं.

"मी बदलू दिला नाय. देवाला पांडरा उजेड काय करायचा?"

"रविवारी अक्षतांच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"हितंच. देवापुढं धवला सांगत होते. तवा डीजे बंद. देवाचं काम चाललाय नि ढोल वाजवतील? मुसकाट फोडीन मी."

"म्हणजे घरात शांतता होती. शिट्टी ऐकलीत? मशीनची?"

"नाय."

"आणि मशीनची रोजची घरघर?"

सगुणाचा आवाज खाली आला. "ती पन नाय. मना वाटला दादा निजला. पन निजला तरी मशीन चालतच आसता ना, बाय?"

"हा पिवळा बल्ब त्या वेळी मंद झाला होता?"

"छट्! देवाचा दिवा मंद झाला आसता तर मी धवला थांबवला आसता. अपशकून त्यो."

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच पिवळा बल्ब मलूल झाला, तांबडा पडला आणि तसाच राहिला. जोतीराम दचकून दोन पावलं मागे सरला. छतावरचा पांढरा बल्ब मात्र जसाच्या तसा जळत होता.

"घाबरू नको रं," सगुणा म्हणाली. "शनवार हाय ना. शनवारी दुपारचा आसाच होतो. मधी बरेच दिस नव्हता होत, ती पोरगी कायतरी करायची. आता परत सुरू झाला."

क्रांती त्या बल्बकडे बराच वेळ बघत राहिली.

"देवजींचं कोणाशी वाजलं होतं का, आजी?"

"वाजला नाय. पन मागल्या आवसेपास्ना हिरामनशी बोलत नव्हता. आमच्या थोरल्या भावाचा पोर त्यो. काय झाला ता मना सांगला नाय."

"एक शेवटचं. देवजी एसी लावत?"

"दादा? त्याला एसीचा वारा लागला की छाती भरायची. धनेशनी हौसेनी बसवला, त्यानी एक दिस नाय लावला."

* * *

मागच्या गल्लीत, देवजींच्या खोलीच्या भिंतीला लागून, मितेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. दुकानाच्या पायरीवरच एसीची नळी उतरत होती आणि मितेशच्या कपाळाला तेवढ्यासाठीच आठी होती.

"रविवारी फुल टेन्शन होतं मॅडम. मी जेवून आलो, तर वरून पाणी टपटप. रात्री दुकान बंद केलं तोपर्यंत चालू. कोणाला बोलणार? लग्नघर. त्यात शटरसमोर बर्फाचा टेम्पो लावून ठेवलेला."

"कोणाचा टेम्पो?"

"हिरामणशेठचा. मी जेवून आलो तेव्हा होताच. म्हटलं बर्फ उतरवून जाईल. कसलं काय, टेम्पोतून पण पाणी आणि वरून पण पाणी."

जोतीरामला यात पाण्यापलीकडे काही दिसलं नाही. क्रांती मात्र नळीकडे आणि देवजींच्या खिडकीकडे आळीपाळीने बघत होती.

हिरामण म्हात्रेचा बर्फाचा कारखाना खाडीच्या बाजूला, इमारतीच्या मागून चालत जाण्याइतका जवळ. आत यंत्रं धडधडत होती, माणसं लोखंडी साच्यांत पाणी भरत होती. गारठा असा की जोतीरामचे दात वाजले. मोर्च्याच्या पुढे हाच हिरामण होता. बोलायला मोठा गोड.

"बसा, बसा. बर्फाचा पानी चालेल का सरबतात? आज जरा गडबड हाय. उद्या रविवार, मासलीबाजारात पहाटे गाड्या जातात."

"रविवारी, लग्नाच्या दिवशी, तुम्ही घरी केव्हा आलात?"

"डीजेबरोबरच, संध्याकाळी. तोवर हितंच होतो."

"आणि काकांच्या खोलीत?"

"वरात निघाल्यावर. मीच पहिला गेलो. बघतो तर काय..." त्याने डोळे पुसले. "अक्षतांच्या टायमाला आमी बघतच होतो ना व्होल्टेज कसा पडला ता. घरातले बल्ब पिवले पडले, विझायला आले. पंखा रांगत होता. लहानपनी आसायचा ना, तसा. तवाच माज्या मनात चर्र झाला."

"मशीनला हात लावलात?"

"कशाला लावू? मशीन मेलेला, काका मेलेला."

बाहेर पडल्यावर जोतीराम हळहळला. "चांगला मानूस हाय, मॅडम. डोळ्यांत पानी आलं बघा."

"बर्फवाल्याकडे पाण्याची काय कमी, जोतीरामभाऊ?"

परत येताना मांडवात ईश्वरी भेटली. हातावरची मेंदी अजून लाल होती. सासरहून ती दिवसभरासाठी आली होती आणि आत जायला तिचा पाय उचलत नव्हता.

"आजोबांना शेवटचं केव्हा भेटलीस?" क्रांतीने हलकेच विचारलं.

"अक्षता पडल्यावर पाया पडायला गेले. मम्मी बोलली, झोपलेत, उठवू नको. मग मी हळूच पायावर डोकं ठेवलं." ती थांबली. "पाय एकदम गार होते. मला वाटलं एसीमुळे. चादर घातली मी पायांवर आणि निघाले."

क्रांतीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. परत जाताना वाटेतच तिने पोलीस ठाण्यातल्या इन्स्पेक्टरांना एक फोन केला.

* * *

रविवारी सकाळी म्हात्र्यांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. धनेश, भाविका, ईश्वरी, सगुणा, मितेश आणि हिरामण. इन्स्पेक्टर दाराशी उभे होते. संघप्रिया आत आली तसा धनेश ताडकन उठला, पण इन्स्पेक्टरांनी त्याला खाली बसवलं. ती जोतीरामच्या आडोशाला उभी राहिली.

"देवजी अक्षतांच्या वेळी गेले नाहीत," क्रांतीने सुरुवात केली. "ते दुपारीच गेले."

इन्स्पेक्टरांनी दार लोटून घेतलं.

"भाविकाताई, तुम्ही जेवणानंतर बाटली भरलीत. संध्याकाळपर्यंत ती अर्धी व्हायला हवी होती. ती अजून काठोकाठ आहे. म्हणजे बाटली भरली आणि लगेचच मशीन थांबलं. धवले चालू असताना सगुणाआजींना मशीनची घरघर ऐकू आली नाही, कारण मशीन कधीच बंद झालं होतं. आणि ज्या माणसाने जन्मात एसी लावला नाही, त्याच्या खोलीत दुपारपासून रात्रीपर्यंत एसी चालू होता. मितेशच्या पायरीवर पाणी पडत होतं ते त्याचंच. तो गारवा देवजींसाठी नव्हता. त्यांच्या देहासाठी होता."

"मम्मी?" ईश्वरी म्हणाली.

भाविकाने डोकं गुडघ्यांत घातलं.

"मीच सांगतो," धनेश बोलला. त्याचा आवाज फाटला होता. "लगीन थांबला आसता. सुतक लागला आसता. पोरीला हलद लागलेली, पावने दारात. लोक करतात ओ असा. लगीन लागेपर्यंत झाकून ठेवतात. आमी फक्त वेल बदलली. कंपनीनी मारला ता तर खराच हाय ना!"

"तुम्हाला ते खरं वाटतं, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं. तुमचा राग खोटा नाही. पण कंपनीने मारलं हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

धनेशची नजर हिरामणकडे गेली.

"आवो, दुपारी व्होल्टेज पडला होता!" हिरामण म्हणाला.

"काल तर तुम्ही दुपारी कारखान्यात होता. तुमचा टेम्पो मात्र मितेशच्या शटरसमोर होता, आणि त्यातला बर्फ न उतरवताच वितळत होता. बरं, दुपारी म्हणा. त्याच दुपारी भिंतीपलीकडे भाविकाताईंचा मिक्सर भिंगरीसारखा चालला होता. पडलेल्या व्होल्टेजवर मिक्सर रडतो, फिरत नाही. आणि एसी? भाविकाताई, एसी कोणी लावला?"

"हिरामनभावजींनी," ती पुटपुटली. "बोलले, देह नीट राहील."

"ज्या व्होल्टेजवर एवढंसं मशीन चालत नाही, त्यावर एसी रात्रीपर्यंत चालला? व्होल्टेज पडलं असतं तर मशीनने शिट्टी मारली असती. मिक्सर थांबल्यावर तरी ताईंना ती ऐकू आलीच असती. शिट्टी एकाच प्रकारे टळते. मशीन त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर. काल मी आले तेव्हा भिंतीवरचा स्विच चालू होता आणि मशीनचं बटण बंद. ते बटण कोणीतरी बोटाने दाबलंय."

मांडवाच्या झालरींचा फडफडाट आतपर्यंत ऐकू येत होता.

"तुम्ही म्हणालात घरातले बल्ब पिवळे पडले, पंखा रांगायला लागला. तुमच्या लहानपणी तसं व्हायचं. पण या घरात आता योजनेचे बल्ब आहेत. काल माझ्यासमोर व्होल्टेज खरंच घसरलं, तेव्हा ते हललेसुद्धा नाहीत. मंद झाला तो फक्त देवापुढचा जुना बल्ब. आणि लग्नाच्या दिवशी अक्षता पडताना तोही मंद नव्हता. देवापुढची साक्ष आहे ती, सगुणाआजींची."

"पन मी काकाला कशाला मारू?"

"त्याचं उत्तर देवाच्या वारांत आहे," क्रांती म्हणाली. जोतीरामने कान टवकारले. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. आम्ही देवळं शोधत बसलो. विचार करायला हवा होता दुसऱ्या दिवसांचा. बुधवार, शुक्रवार, रविवार. घरोघरी मासळी खायचे दिवस. त्या दिवशी पहाटे बाजारात बर्फ हवा, म्हणून आदल्या दुपारी तो तयार करायचा. श्रावणात मासळीला गिऱ्हाईक नाही, म्हणून श्रावणात व्होल्टेज पडत नाही. या लाइनच्या शेपटीवर चोरीच्या विजेने एक बर्फाचा कारखाना चालतो आणि संघप्रियाच्या मीटरने त्याची नाडी धरली होती."

"आज पहाटे तुमच्या इमारतीमागच्या खांबाखाली खणलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "जाड केबल निघाली. सरळ कारखान्यात जाते."

"देवजींना ती दिसली होती," क्रांती पुढे म्हणाली. "म्हणून त्यांनी हिरामणशी बोलणं टाकलं. पण घरात लग्न होतं. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी त्या मुलीला दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. ते हिरामणला कळलं असावं. म्हणजे लग्नाआधीच त्यांना गप्प करायला हवं होतं. दोष योजनेवर ढकलला की योजनाही बंद. आणि वेळेची अडचण? ती घरच्यांनीच सोडवली. लग्नघरात मेलेलं माणूस लपवतात, हे हिरामणला ठाऊक होतं. दुपारचा मृत्यू संध्याकाळवर गेला. संध्याकाळी तो सगळ्या गावासमोर मांडवात नाचत होता. घरचे तोंड उघडणार नव्हते, कारण तेही त्यात होते. पण एक गोष्ट तो विसरला. लग्न रविवारी होतं. रविवारी त्याचाच कारखाना बंद असतो. वर्षभरात या शेपटीला रविवारी व्होल्टेज कधी पडलेलं नाही."

हिरामणचा गोडवा क्षणात गळून पडला.

"म्हातारा एका परक्या पोरीसाठी घरच्याला जेलात घालायला निगाला होता!" तो ओरडला. "हात जोडले मी त्याच्या. पाया पडलो. बोलला, चोरी ती चोरी. तसापन त्यो किती दिस जगनार होता?"

इन्स्पेक्टरांनी त्याला धरलं तेव्हा सगुणा उठली आणि तिने भाच्याच्या फाडकन मुस्काटात मारली. मग ती देवघराकडे निघून गेली. मांडवासमोरून जीप गेल्याचा आवाज आला आणि घर शांत झालं.

"सुटलीस, पोरी," जोतीराम संघप्रियाला म्हणाला. त्याचेच डोळे भरले होते. "तुझं मीटर खरं निघालं."

संघप्रियाने मान हलवली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, तिला मोकळा श्वास येत होता, आणि तरी तिला हसू येईना. समोर ईश्वरी आपल्या मेंदीच्या हातांकडे बघत बसली होती.

"मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं," ती आईला म्हणाली. "तुला माहीत होतं. तू मला सोडलंस."

भाविका तिच्याजवळ सरकली, पण ईश्वरीने अंग चोरून घेतलं. मग भाविका क्रांतीकडे वळली. तिच्या मनात काहीतरी फिरत होतं आणि ते तिलाच सहन होत नव्हतं.

"ताई, भावजी सैपाकघरात आले नि बोलले, काका गेले. मी दारातनं बघितला. डोले मिटलेले. नली नाकालाच होती." ती अडखळली. "आमी डॉक्टर नाय बोलावला. डॉक्टर आला आसता तर गावाला कलला आसता. रात्री भावजींच्या वलखीचा आला, त्यानी दारातनंच मरनाचा कागद दिला."

"मशीन लावून बघितलंत?"

"नाय."

"नाडी कोणी बघितली?"

भाविकाने धनेशकडे बघितलं. धनेशने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मशीन बंद झालं की मानूस लगेच जातो का, ताई? का थोडा वेल..." तिची नजर मागच्या खोलीकडे गेली. "आमी दार लावून घेतला. एसी लावला. मी परत वाटन वाटायला गेले."

क्रांतीने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

भाविका जमिनीवर बसून घशातून रडायला लागली. नवरा तिच्याजवळ गेला नाही, मुलगी गेली नाही. शेवटी संघप्रियाच पुढे आली. जिला या घराने तुरुंगात धाडायचं ठरवलं होतं, ती भाविकाशेजारी जमिनीवर बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला. 'तुमची चूक नव्हती' असं म्हणणं मात्र तिला जमेना.